बारक्याकडं साफ ऐकू येतं

२०१९ सालच्या एप्रिलमधला शेवटचा रविवार. रक्कम आठ हजार चारशे रुपये, रोख. हजर तिघं: मी, माझी बायको आणि उस्मानपुऱ्यातला स्पीकरवाला. ज्यांच्यासाठी ही खरेदी होती ते आबा, म्हणजे माझे वडील, हजर नव्हते. ते दर रविवारप्रमाणे सकाळीच चिकलठाण्याला माझ्या धाकट्या भावाकडं गेले होते.

स्पीकरवाल्याने दोन लहान डबे टेबलावर ठेवले आणि एक मोठा डबा खाली, जमिनीवर.

"भाईसाब, नीचे वाला डब्बा बेस देता. लगाओ तो दीवार हिलती."

बायको म्हणाली, "भिंत हलवून काय करायचंय? आमच्या आबांना शब्द ऐकू आले पाहिजेत."

"भाभी, आवाज बड़ा हुआ तो सब सुनाई देता. क्या भी बोलो."

मला त्याचं म्हणणं पटलं. बायकोला पटलं नाही, पण तिनं दुकानात वाद घातला नाही. तो तिनं रिक्षात घातला, मोठा डबा मांडीवर घेऊन.

खरेदीचं कारण स्पष्टच लिहितो. मला माझ्या भावाचा हेवा वाटत होता. त्याच्याकडं दोन भाड्याच्या खोल्या आणि तंत्रनिकेतनातली लॅब असिस्टंटची नोकरी. त्याचा पगार माझ्या पगारापेक्षा कमी, हे मला आकड्यानिशी माहीत आहे, कारण त्याचं आयकराचं विवरण मीच भरतो. हेवा वाटावा असं त्याच्याकडं एकच वाक्य होतं आणि ते आबांचं होतं. रविवारी संध्याकाळी मी त्यांना आणायला गेलो की स्कूटरवर मागं बसता बसता ते म्हणायचे, "बारक्याकडं साफ ऐकू येतं." तेवढंच. पुढं घरापर्यंत काही बोलायचे नाहीत.

आबांनी जन्मभर मेंढरं राखली. पिशोरच्या पुढं आमचं गाव आहे. आदल्या पावसाळ्यात पाऊस झालाच नाही आणि दिवाळीतच विहिरींचा तळ दिसला, तेव्हा त्यांनी मेंढरं विकली आणि आमच्याकडं राहायला आले. आई आधीच गेलेली होती. आमचं रो-हाउस बीड बायपासच्या पलीकडं. तिकडं तेव्हा इमारती आधी येत होत्या आणि पाणी मागून येणार होतं. आम्ही टँकरवर होतो. लेक पुण्याला शिकायला गेली होती, तिची खोली आबांना दिली. खोलीत पलंग, पंखा आणि लेकीचा जुना कॉम्प्युटर. तो इतका हळू झाला होता की भावानेच एकदा येऊन त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं. फुकटची सिस्टिम, तीही चांगली चालणारी, म्हणून मी हरकत घेतली नव्हती.

आबांच्या कानाचा आलेख डॉक्टरांनी काढला होता. तो त्यांच्यापेक्षा मलाच जास्त समजला. डावीकडं जाडे आवाज, उजवीकडं बारीक. हजार हर्ट्झपर्यंत रेघ बऱ्यापैकी सपाट होती आणि त्यापुढं दौलताबादचा तासलेला कडा उतरावा तशी सरळ खाली. डॉक्टर म्हणाले, यांना आवाज ऐकू येतो, शब्द येत नाहीत. स, श, ट, क असले उच्चार वरच्या पट्टीत असतात, ते गळून पडतात. कानाचं मशीन घेतलं. आबांनी ते चार दिवस लावलं, "कानात वारूळ झालंय" म्हणाले आणि सुपारीच्या डबीत ठेवून दिलं.

मग त्यांना राहिला तो कॉम्प्युटर. त्यावर ते तीन गोष्टी ऐकत: मेंढीबाजाराचे व्हिडिओ, आमच्याकडची ढोलावरची गाणी, आणि दर गुरुवारी संध्याकाळी गावाहून येणारा आत्याचा व्हिडिओ कॉल. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिचा मुलगा मोबाइल धरून बसतो आणि ती त्याच्यापेक्षा मोबाइलवर जास्त ओरडते.

भावाकडं आबांचं काय चालतं ते मी मार्चमधल्या एका रविवारी दारातून पाहिलं. चपला काढत होतो, आत कुणाला माझी चाहूल नव्हती.

"आरं बैला, ढोल कमी कर!" आबा ओरडत होते. "मानूस काय म्हनतोय त्ये ऐकू दे मला."

"आबा, ढोल कमी केला तर गाण्यात राहतं काय?"

"मानूस ऱ्हातोय की. तू काय म्हनतो त्ये नको ऐकू देऊ, त्यो काय म्हनतो त्ये ऐकू दे."

भाऊ हसत होता आणि पडद्यावरच्या उभ्या पट्ट्या माउसने वर-खाली करत होता. "आता?"

"सुई झाली."

"आता?"

"आता बोलतोय बग मानूस. ऱ्हाऊ दे. हात लावलास तर हात मोडीन."

मी चपला काढून आत गेलो. मला पाहिल्यावर आबा नीट बसले, धोतर सारखं केलं आणि म्हणाले, "आलास व्हय. चल." जणू खेळ संपला आणि मास्तर आले. स्कूटरवर तेच वाक्य. घरी आल्यावर बायकोने विचारलं, भाजी तिखट झाली का? बरंय. पंखा वाढवू का? बरंय. आमच्या घरात आबांचं एवढंच बोलणं होतं: बरंय.

त्यामुळं आठ हजार चारशे. ते स्पीकर लावले त्या संध्याकाळी भिंत खरंच हलली, निदान मांडणीवरची ताटं तरी हलली. मेंढीबाजारात बोली लावणारा माणूस रांजणात डोकं घालून बोलतोय असं ऐकू येत होतं. मी विचारलं, "आबा, कसंय?"

"बरंय."

पुढच्या रविवारी ते नेहमीपेक्षा तासभर आधीच तयार होऊन ओट्यावर बसले होते.

भावाला विचारलं असतं तर त्याने येऊन दहा मिनिटांत करून दिलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. त्या रविवारी तो चहाचं दूध आणायला खाली गेला तेव्हा मी त्याच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला. पंधरा पट्ट्या होत्या, पन्नास हर्ट्झपासून वीस हजारांपर्यंत, आणि प्रत्येकीखाली डेसिबलचा आकडा. आकडे मिळाले म्हणजे काम झालं, असं मला वाटलं. मी एका खासगी कंपनीत हिशेब पाहतो. आकडा बरोबर असला की बाकीचं बरोबर येतं, अशी माझी तीस वर्षांची सवय.

घरी गाणी वाजवायच्या प्लेअरमध्ये इक्वलायझर होता. त्यात आकडे भरले. गाण्यांना फरक पडला, पण मेंढीबाजाराला नाही, कारण तो ब्राउझरमध्ये लागायचा. आत्याच्या कॉललाही नाही. प्लेअरचा इक्वलायझर फक्त प्लेअरपुरता. सगळ्या सिस्टिमला एकच इक्वलायझर लागला पाहिजे, हे मला तेव्हा कळलं. ते कळायला टँकर कामी आला. त्या महिन्यांत पाण्याबरोबर गाळ यायचा. बायकोने आधी स्वयंपाकघरातल्या नळाला फडकं बांधलं, मग न्हाणीघरातल्या, मग बेसिनच्या. शेवटी मी गच्चीवर चढून टाकीत पाणी पडतं त्या पाइपच्या तोंडालाच फडकं बांधलं, तेव्हा खाली सगळीकडं गाळलेलं पाणी आलं. आवाजाचंही तसंच करायचं होतं. सिस्टिममध्ये एक खोटा स्पीकर तयार करायचा. सगळे प्रोग्राम त्यालाच खरा समजून आपापला आवाज त्यात ओततात. तिथं त्या पंधरा पट्ट्या आवाज गाळतात आणि मग तो पुढं खऱ्या स्पीकरकडं जातो.

हे सगळं इंटरनेटवर लिहिलेलं होतं, इंग्रजीत आणि तुकड्या-तुकड्यांत. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या, एक अक्षर चुकलं की ती नाही म्हणते. रोज ऑफिसमधून आल्यावर जेवणापर्यंत मी तेच करायचो. पहिल्या दिवशी आवाजाची यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करायची होती. बंद झाली, चालू झाली नाही. कॉम्प्युटर मुका झाला. आबा पलंगावर बसून मुक्या मेंढ्यांचा बाजार पाहत होते.

"आबा, जरा थांबा, आवाज गेलाय."

"बरंय की," ते म्हणाले. "शांत वाटतंय."

मी हसलो. त्या वाक्यात सगळं होतं, पण मला ते तेव्हा दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी खोटा स्पीकर तयार झाला आणि पट्ट्यांची खिडकी उघडली. मी भावाचे आकडे जसेच्या तसे भरले. आवाज पहिल्यापेक्षा वाईट! भावाकडचे स्पीकर हाताच्या मुठीएवढे, त्यांना मुळात खालचा आवाजच नाही. त्याचे आकडे त्याच्या स्पीकरसाठी होते. माझ्याकडं जमिनीवर तो मोठा डबा घुमत होता. मग मी सगळ्याच पट्ट्या वर नेल्या. आवाज फाटला, जुन्या एस.टी.च्या पत्र्यासारखा. वाचल्यावर कळलं की एखादी पट्टी सात डेसिबलने वाढवली तर सुरुवातीचा एकूण आवाज तेवढ्याने उतरवावा लागतो, नाहीतर जागा पुरत नाही. वाढवण्यापेक्षा नको ते कमी करणं बरं, असंही लिहिलं होतं. हे मला आवडलं. हे घरखर्चासारखं होतं. दोन-तीन दिवसांनी मी खालच्या पट्ट्या उतरवल्या, अडीच हजारांच्या आसपासच्या थोड्या चढवल्या, डॉक्टरांचा आलेख शेजारी ठेवून.

"आबा, आता?"

"आता लई बरंय."

लई! हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला होता. दुसऱ्या दिवशी मी एक पट्टी आणखी एका डेसिबलने चढवली. "लई साफ." त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक. "लई झ्याक." मी रोज विचारायचो, रोज सुधारणा होत होती. ऑफिसात जाताना मला हलकं वाटायचं. त्या शनिवारी मी भावाला फोन केला. कारण काही नव्हतं.

"आबा म्हणतात, आमच्याकडं आता लई साफ येतं."

"अरे वा, दादा. कसं केलं?"

"केलं."

"मग उद्या येतात ना माझ्याकडं? का आता गरज नाही?" तो चेष्टेने म्हणाला.

मी म्हणालो, त्यांची मर्जी. रविवारी सकाळी आबा ओट्यावर तयार होऊन बसले होते.

ते का जातात हे मला कळेना. मग मेअखेरीस, एका संध्याकाळी पट्ट्या पहिल्यापासून लावून बघाव्यात म्हणून मी पंधराच्या पंधरा पट्ट्या एकदम तळाला ओढल्या. बाजारातली बोली जवळजवळ ऐकू येईनाशी व्हायला हवी होती. ती तशीच चालू होती. डबा तसाच घुमत होता. मी पट्ट्या वर नेल्या, खाली आणल्या. काही नाही. माझ्या मागं आबा म्हणाले, "आता लई साफ येतंय बग."

मी सिस्टिमच्या आवाजाची सेटिंग उघडली. तिथं दोन स्पीकर दिसत होते, खोटा आणि खरा, आणि खूण खऱ्यापुढं होती. आवाज पट्ट्यांना वळसा घालून सरळ जात होता. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला की ही सिस्टिम आपल्या जुन्या सवयीने खऱ्या स्पीकरकडं जाते; खूण प्रत्येक वेळी आपण हलवावी लागते, किंवा कायमची नेमून द्यावी लागते. ते मी केलं नव्हतं. बंद कधी झाला होता? एरवी आम्ही तो दिवसरात्र चालूच ठेवायचो; बंद झाला तो वीज गेली त्या दुपारी. ती तारीख मला पक्की आठवत होती, कारण टँकर दारात उभा होता आणि मोटार चालेना. त्याला दोन आठवडे उलटून गेले होते. 'लई' हा शब्द आला तो त्यानंतर.

मी खुर्ची वळवली. "आबा, गेले दोन आठवडे हे चालूच नव्हतं."

"काय?"

मी त्यांच्या कानाजवळ गेलो. "ह्या पट्ट्या. बंद होत्या. तरी तुम्ही रोज साफ येतंय म्हणायचात."

"तू रोज इचारायचास."

"म्हणून खोटं सांगायचं?"

"खोटं काय त्यात?" ते अजिबात रागावले नव्हते. "दुसऱ्याच्या वावरात वाडा बसवला अन् मालक घागरभर पानी घिऊन आला, तर पानी मचूळ हाय म्हनत्यात का? बरंय म्हनायचं, अन् प्यायचं."

हे आमच्यातल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी लिहितो. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन बागाईत मुलखात उतरतो. रात्री ज्याच्या वावरात वाडा, म्हणजे मेंढरांचा कळप, बसतो त्याला लेंडीखत मिळतं. त्या बदल्यात तो ज्वारी देतो, पाणी देतो. देईल ते घ्यायचं, त्याला नाव ठेवायचं नाही. नाव ठेवणाऱ्याला पुढच्या साली त्या वावरात जागा नसते. लहानपणी मीही दोन हिवाळे आबांबरोबर असा फिरलो आहे. एका मालकाने दिलेली भाकरी कडू होती; मी तोंड वाकडं केलं तेव्हा आबांनी पाठीमागून माझा कान धरला होता.

म्हणजे ज्याचे हप्ते मी आणखी सात वर्षं भरणार आहे ते माझं घर दुसऱ्याचं वावर होतं, आणि बारक्याच्या दोन खोल्या, त्याही भाड्याच्या, हे आपलं रान. त्या दिवसापर्यंत मला आबांना बारक्याकडं साफ ऐकू येतं याचा हेवा वाटत होता. त्या दिवशी कळलं की मला त्याला मिळणाऱ्या शिव्यांचा हेवा वाटतो.

बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "तुम्ही विचारताच असं की पुढच्या माणसाला सही करावीशी वाटते," ती म्हणाली.

मग मी भावाला फोन केला. यावेळी कारण होतं.

तो आधी पोटभर हसला. "दादा, 'बरंय का' असं विचारायचंच नाही त्यांना. मी आधी वाट लावतो. मुद्दाम. ढोल इतका वाढवतो की कपबशी नाचली पाहिजे. मग ते शिव्या देतात, आणि मी शिव्यांच्या मागं मागं जातो."

"शिव्यांच्या मागं म्हणजे?"

"शिवी थांबली की पट्टी थांबवायची. हाच आलेख."

पद्धत चांगली होती. ती त्याची होती, एवढाच तिचा दोष. मी खोट्या स्पीकरची नेमणूक कायमची करून टाकली, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू करून खात्री केली आणि मंगळवारी संध्याकाळी मुद्दाम वाट लावली: हजारपासून पाच हजारांपर्यंतच्या पट्ट्या तळाला, खालच्या सगळ्या वर. बाजारातली माणसं गोधडी पांघरून बोलू लागली.

मी काही विचारलं नाही. आबांनी थोडा वेळ पाहिलं, पलंग सोडून खुर्ची पुढं ओढली, कान पडद्याकडं केला. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "बरंय."

बुधवारी मी आणखी बिघडवलं. त्यांनी दहा मिनिटं पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर नव्या इमारतीचं सेंट्रिंग लागत होतं, तेही त्यांना धड ऐकू येत नसणार. बायको दारात उभी राहून म्हणाली, "हे बघवत नाही मला. सरळ करा ते."

"बारक्या असंच करतो."

"बारक्याने करावं. तुम्हाला नाही शोभत."

शोभत नाही, हे मलाही दिसत होतं. भाऊ बिघडवायचा तेव्हा ती मस्करी असायची. मी बिघडवलं की ती परीक्षा व्हायची. गुरुवारी लवकर येऊन सगळं सरळ करायचं मी ठरवलं. पण त्या दिवशी टँकर उशिरा आला आणि मी पाइप धरून उभा होतो, तोवर आत्याचा कॉल आला. बायकोने लावून दिला. मी ओल्या पायांनी आत धावलो तेव्हा बोलणं सुरू झालं होतं.

आत्या पत्र्याच्या सावलीत बसली होती. मागं शेळ्या बांधलेल्या. तिचं म्हणणं मला समजत होतं, कारण माझे कान शाबूत आहेत. चारा-छावणीत गाई-बैल घेतात, शेळ्या घेत नाहीत. चारा संपला. व्यापारी येऊन बसलाय, सगळ्या एकदम मागतोय, निम्म्या भावात.

"दादा, इकू का नगं?" ती आबांना विचारत होती.

"व्हय," आबा म्हणाले.

"व्हय काय? इकू?"

"व्हय, व्हय."

आत्याने पदर डोळ्याला लावला. ते मात्र आबांना दिसलं. ते पडद्याकडं झुकले, कानामागं हात धरला, आणि काहीच हाती लागेना तेव्हा वळून माझ्यावर ओरडले.

"आरं ए एडक्या!"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"बहीण रडतीया माजी, काय म्हनती त्ये ऐकू दे की मला! काय लावलंय हे? म्हैना झाला, कानावर पोतं टाकून ठिवलंय मपल्या. कर नीट!"

मी खुर्चीजवळ गुडघ्यावर बसलो आणि पट्ट्या धरल्या. एडका म्हणजे मेंढा. आमच्यात हट्टी, डोक्याने ढुशा मारणाऱ्या पोराला म्हणतात.

"आत्या, बोलत राहा, थांबू नका," मी ओरडलो.

"काय बोलू?"

"काहीही. शेळ्या मोजा."

आत्या शेळ्या मोजू लागली. आबांनी माझ्या सदऱ्याची कॉलर मागून धरली, मेंढराचं मानगूट धरतात तशी, आणि मी एकेक पट्टी हलवू लागलो.

"त्ये नाय, त्येनं ढोल वाढतोय. खाली घाल. आजून. तळाला घाल त्येला! आता पल्याडलं. वर. वर. आरं सुई, सुई घालतो का कानात, एडक्या? मागं घे. आजून लई मागं न्हाई, जरासं. हां."

हां म्हणून ते गप्प झाले. मी माउसवरून हात उचलला. आत्या नवव्या शेळीला आली होती. आबांनी तिच्याबरोबर दहा म्हटलं, अकरा म्हटलं.

पट्ट्या कुठं थांबल्या ते सांगतो. पन्नास ते दोनशेवीस, पार तळाला. तीनशेअकरा, उणे सहा. साडेसतराशे, अधिक चार. अडीच हजार, अधिक सात. साडेतीन हजार, अधिक पाच. त्यापुढं शून्य. हे ना डॉक्टरांच्या आलेखाशी जुळलं, ना भावाच्या आकड्यांशी.

"आता बोल गं," आबा म्हणाले. "काय म्हनतोय व्यापारी?"

आत्याने पुन्हा सांगितलं. आबांनी मध्ये तिला दोनदा अडवलं, भाव विचारला, गाभण किती ते विचारलं. मग म्हणाले, "एक बी इकू नगं. कडबा घे. पैसं धाडतो." आणि कॉलर न सोडताच मला म्हणाले, "हिला तीन हजार धाड. आत्ता."

आमच्याकडं आल्यापासून त्यांनी मला कधी पैसे मागितले नव्हते. तंबाखूसुद्धा ते रविवारी बारक्याच्या पैशाने आठवड्याची आणून ठेवत, हे मला बायकोकडून कळलं होतं. जमेल का, असं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. मीही 'बघतो' म्हणालो नाही.

जेवणं झाल्यावर मी भावाला फोन केला.

"शिव्या दिल्या का?" त्याने पहिलं तेच विचारलं.

"दिल्या."

"कोणती?"

मी सांगितलं.

"एडक्या? मला बैल म्हणतात, गाढव म्हणतात. एडक्या कधी म्हणाले नाहीत."

"तू कधी गुडघ्यावर बसून बघ," मी म्हणालो. मला फार बरं वाटत होतं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही. त्याने पैशांचं विचारलं, आपण निम्मे निम्मे करू म्हणाला, लगेच पाठवतो म्हणाला. मी नको म्हटलं. पैसे माझ्याकडं मागितले होते.

रविवारी आबा भावाकडं गेले. अजूनही जातात. तिथं त्यांना माझ्याकडच्यापेक्षा जास्त मजा येते का, हे मी विचारत नाही. पण संध्याकाळी दारात चपला काढताना थोडा वेळ घेतो आणि ऐकतो.

शेवटी दिले ते एवढे: तीन हजार रुपये, अकरा शेळ्यांच्या कडब्यासाठी, आत्याला, तिच्या मुलाच्या खात्यावर, त्याच गुरुवारी. सगळे माझ्या खात्यातून.